पांगरधारचा तेविसावा बळी

१

पांगरधारच्या वाघानं बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तेविसावा बळी घेतला. बळी कोंबडा होता.

वनरक्षक प्रियदर्शनीनं यादी वरून खाली वाचली. नोव्हेंबरपासून नऊ शेळ्या, तीन म्हशी, तीन वासरं, एक बैल, पाच कोंबड्या, एक मांजर आणि आता हा कोंबडा. प्रत्येकासमोर मालकाचं नाव, तारीख, वेळ आणि मृत्यूचं कारण: वाघ. मांजराच्या ओळीपाशी ती जरा थांबली आणि तिनं चहाचा घोट घेतला. चहाला चव नव्हती. मार्चमध्ये तिची आई गेली, तेव्हापासून कशालाच नव्हती. रडूही आलं नव्हतं. तेराव्याला आलेल्या बायांनी बराच वेळ वाट बघितली आणि शेवटी जेवून गेल्या. डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या संपल्या.

"वाघ आहे का नाही, एवढंच सांग," वरच्या ऑफिसातून विजयकुमार साहेब फोनवर म्हणाले. "सोमवारी सकाळी अहवाल पाहिजे. आहे म्हणालीस तर माळ सहा महिने बंद. आदेश टाइप करून ठेवलाय. फक्त तारीख टाकायचीय."

"सर, ठसा नाही, विष्ठा नाही, झाडावर ओरखडा नाही. माळावर तीन आठवडे चार कॅमेरे आहेत. त्यात एक कोल्हा, दोन ससे आणि सकाळी पाण्याची बाटली घेऊन बसलेले विश्वंभर, एवढंच आलंय."

"कोण विश्वंभर?"

"ढाबेवाले."

"मग तेवीस जनावरं विश्वंभरनी खाल्ली का? जनावरांच्या सरकारी साइटवर नोंदी आहेत, पोरी. साइट खोटं बोलत नसते. मेलेल्या जनावरांचं काय?"

"लोकांनी पुरून टाकलीत, सर."

"बरं," म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

प्रियदर्शनी फोन हातात धरून बसली. नऊ शेळ्या पुरल्या. तीन म्हशी पुरल्या. म्हैस पुरायला केवढा खड्डा लागतो. वाघानं खाल्लं होतं, तर लोकांनी पुरलं काय?

२

पांगरधार हे साखऱ्याच्या पुढचं, माळाला टेकून बसलेलं गाव. माळावरची चराई तीन आठवड्यांपासून तात्पुरती बंद होती. सही साहेबांची होती, 'वाघाचा वावर, चराई बंद' ही पाटी प्रियदर्शनीनं रोवली होती. त्यामुळं शकुबाईच्या अकरा शेळ्या तिच्या दारात बांधलेल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं लग्नात जेवण न मिळालेल्या पाहुण्यांसारख्या बघत होत्या.

"आली का गं पाटीवाली," शकुबाई म्हणाली. "बस. सापडला का वाघ?"

"नाही मावशी."

"तुमचा वाघ तुमाला सापडंना, आन माझ्या शेळ्यायनं काहून कोंडून घ्यावं? कुटार पुढं टाकलं तर वास घेऊन सोडून देऊन राहिल्या. शेळी हिंडून खाणारं लेकरू हाय, बाई. बांधली की झुरती."

"सोमवारपर्यंत थांबा. एकतर माळ उघडेल, नाहीतर सहा महिने बंद."

शकुबाईनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. नवरा गेल्यापासून घरात ती आणि शेळ्या, एवढीच माणसं होती.

"सहा महिने बांधून न्हाई जगत त्या. इकाव्या लागतील," ती म्हणाली. "आन इकल्या की म्या दिवसभर काय करू? तुझी पाटी वाचू? मला तर वाचता बी येत न्हाई."

प्रियदर्शनीला इथं काहीतरी वाटायला पाहिजे होतं. ती त्याची वाट बघत थोडा वेळ बसली. ते आलं नाही, म्हणून तिनं वही उघडली.

"मावशी, तुमची पण एक शेळी वाघानं खाल्ली ना? सोळा डिसेंबर, चार वाजून पाच मिनिटं."

"माझी? माझी तर म्हातारी हून मेली. दात पडले व्हते तिचे. म्याच पुरली, त्या लिंबाखाली."

"मग वाघ?"

"माझी न्हाई खाल्ली. बाकीच्यायची खाल्ली. साऱ्या गावाला माहीत हाय."

प्रियदर्शनी दुसऱ्या घरी गेली. तिथली म्हैस आजारानं मेली होती, पण बाकीच्यांची वाघानं खाल्ली होती. तिसऱ्या घरचं वासरू सापानं मारलं होतं. तेविसाव्या बळीच्या घरी कळलं की कोंबडा ट्रॅक्टरखाली गेला, ट्रॅक्टर घरचाच, चालवणारा कोंबड्याचा मालक. "पण शकुबाईच्या शेळीचं लई वाईट झालं," तो म्हणाला. "वाघानं ओढून नेली, म्हणतेत."

संध्याकाळपर्यंत तिनं तेवीस घरं केली. तेवीस मृत्यू झाले होते, आणि प्रत्येक घराच्या मते वाघानं त्यातले बावीस मारले होते.

ग्रामपंचायतीत नोंद केल्याच्या पावत्या सगळ्यांनी जपून ठेवल्या होत्या, देवाच्या फोटोमागं. प्रियदर्शनीनं त्या मागून घेऊन बघितल्या. मालकाचं नाव होतं, जनावर होतं. 'मृत्यूचे कारण' या शब्दांपुढं एक चौकट होती.

तेवीस पावत्यांवर चौकट कोरी होती.

३

म्हणजे वाघ पांगरधारात नव्हता आणि साहेबांच्या यादीत होता. मधल्या रस्त्यात कुणीतरी त्याला आत सोडला होता. कुणाला गरज होती वाघाची?

विश्वंभरचा ढाबा कनेरगाव नाक्यावर होता. महिन्यापूर्वी त्याचं नाव 'साई ढाबा' होतं. आता पाटीवर 'व्याघ्र ढाबा, शुद्ध शाकाहारी' असं होतं, आणि दारात प्लास्टरचा वाघ उभा होता. वाघाला शिंगं होती.

"पोळ्याचा बैल व्हता मॅडम," विश्वंभर म्हणाले. "पट्टे मारून घेतले. शिंगं काढायला गेलो तर डोकंच निघून येऊन राहिलं. मग ऱ्हाऊ दिली."

"वाघामुळं धंदा वाढला का?"

"वाशीमचे लोक गाडी थांबवून फोटू काढतेत. कुणी इचारलं ही शिंगं कशाची, तर म्या सांगतो, आमच्याकडची जात तशीच हाय."

"विश्वंभर भाऊ, खोट्या नोंदी तुम्ही केल्या का?"

विश्वंभरनं दुखावल्यासारखं बघितलं. "म्या करीन तर तेवीसच काहून करीन? आन मांजर काहून टाकीन? मांजरानं माझ्या ढाब्याची इज्जत गेली. गिऱ्हाईक इचारतंय, तुमचा वाघ मांजर खातो का म्हणून." त्यांनी तिच्यापुढं चहा ठेवला. "आन एक सांगा, त्या कॅमेऱ्यातला माझा फोटू तुमी कुणाला दाखवला तर न्हाई?"

"फक्त साहेबांना."

विश्वंभर आत गेले ते बाहेर आले नाहीत.

दुसरा माणूस रतनसिंग. हा गावोगावच्या शेळ्या घेऊन कळमनुरीच्या बाजारात विकायचा. माळ बंद झाल्यापासून लोक त्याच्याकडं आपणहून येऊ लागले होते. पांगरधारच्या वेशीपाशी तो शेळ्या टेम्पोत चढवताना सापडला.

"स्वस्तात घेतो म्या, कबूल," तो म्हणाला. "पण मला वाघ तयार करता आला असता, बाई, तर म्या शेळ्या कशाला इकत बसलो असतो?"

"शकुबाईच्या शेळ्यांवर तुमचा डोळा आहे म्हणतात."

"डोळा हायच. दोनदा इचारलं. दुसऱ्यांदा तिनं खुरपं दाखवलं. सोमवारी तिसऱ्यांदा जाईन, लांबून इचारीन." त्यानं शेवटची शेळी वर ढकलली. "तुमचा वाघ लई शिस्तीचा हाय, बराबर? म्या दर रविवारी माळाच्या कडंनं शेळ्या पायी घेऊन येतो. बिनघोर. रविवारी तो येतच न्हाई."

"कशावरून?"

"आजवर आलाय का? तुमच्याच यादीत बघा."

४

प्रियदर्शनीनं यादी काढली, कॅलेंडर काढलं आणि एकेक हल्ला त्यावर टिपला.

रविवारी एकही हल्ला नव्हता. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीही नव्हता. सकाळी साडेदहाच्या आधी वाघानं कधी कुणाला हात लावला नव्हता, आणि संध्याकाळी पावणेसहानंतरही नाही. दीड ते सव्वादोन या वेळात पांगरधारातलं कुठलंही जनावर माळावर एकटं झोपलं असतं तरी चाललं असतं. ज्या दिवसांत सकाळची लाइट नसायची, त्या दिवसांत वाघ दुपारीच निघायचा. डिसेंबरात सलग आठ दिवस त्यानं काहीच खाल्लं नव्हतं.

तिनं ग्रामपंचायतीच्या शिपायाला फोन लावला. "डिसेंबरात तुमचं ऑफिस आठ दिवस बंद होतं का हो?"

"बंद न्हाई. पण ऑपरेटर न्हवता. मेव्हणीचं लगीन व्हतं."

"आणि तो रोज जेवतो किती वाजता?"

"वैजनाथ ना? दीडला बसतो, सव्वादोनला उठतो. काहून?"

५

ग्रामपंचायतीचा ऑपरेटर वैजनाथ हा पस्तिशीचा, नीट भांग पाडणारा माणूस. त्याच्या संगणकाच्या कपाळाला हळदीकुंकू होतं आणि गळ्यात दसऱ्याच्या झेंडूची वाळून खडखडीत झालेली माळ. प्रियदर्शनी शुक्रवारी साडेदहाला तिथं पोचली, तेव्हा तो अगरबत्ती ओवाळत होता. मग त्यानं बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट आली: ब्राउझरची नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, आता करायची की नंतर? वैजनाथनं 'नंतर' दाबलं, हात जोडले आणि खुर्चीत बसला.

"हे रोज करता?"

"नऊ वर्षं झाली, मॅडम. एकदा 'आता' दाबलं व्हतं. त्याच दिवशी प्रिंटर गेला. आठ दिवसांनी ग्रामसेवक गेले."

"वारले?"

"बदली झाली. पण गेले ना. तवापासून म्या त्याला हात लावला न्हाई. जुनं हाय, पण आपल्या ओळखीचं हाय."

ओळखीच्या त्या ब्राउझरच्या डोक्यावर चार पट्ट्या आपोआप येऊन बसल्या होत्या. त्यातली एक कुठल्यातरी परक्या गावचं हवामान दाखवायची. तिथं बर्फ पडत होता. वैजनाथ एकदा त्यावर विसंबून स्वेटर घालून आला होता. 'हे ठिकाण सुरक्षित नाही', 'पान नीट दिसत नसेल', 'ही आवृत्ती आता चालत नाही' अशा लाल सूचना येत राहिल्या, आणि तो त्या माशा हाकलाव्या तशा हाकलत गेला. पाव तासानं जनावरांच्या नोंदीचं पान अर्धं उघडलं. दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या.

प्रियदर्शनीनं विचारलं, "मृत्यूचं कारण तुम्ही काय भरता, दादा?"

"काहीच न्हाई. ती चौकट उघडतच न्हाई. हे बघा, दाबून राहिलो." त्यानं सात-आठ वेळा दाबलं. चौकट कोरीच राहिली. "सरकारी चौकट हाय. वरून भरत असतील."

"आणि तारीख, वेळ?"

"ती चौकट तर दिसतच न्हाई."

"कुणाला कळवलं नाही?"

"तक्रारीचं पान बी उघडत न्हाई."

प्रियदर्शनीनं खिशातून मोबाइल काढला आणि तेच पान त्यावर उघडलं. कारणाच्या चौकटीवर बोट ठेवलं. चौकट सरसर खाली उलगडली. तीस कारणं होती, मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेली. बिबट्या होता, अस्वल होतं, लांडगा होता, पार खाली आजारपण आणि म्हातारपण होतं. तळाशी 'इतर'.

सगळ्यांत वर वाघ होता.

वैजनाथ वाकून बघत होता. "हे समदं त्या चौकटीत व्हतं?" तो हळूच म्हणाला. "नऊ वर्षांत मला ही चौकट अशी कधी दिसली न्हाई."

"साइटच नोव्हेंबरात आली, दादा. मला एक नोंद करून दाखवा. अगदी रोज करता तशी."

"पण मेलंय कोण?"

प्रियदर्शनीनं इकडंतिकडं बघितलं. वैजनाथच्या दंडावर डास बसला होता. तिनं तो मारला.

६

"जनावर?" वैजनाथनं विचारलं.

"डास."

"मालकाचं नाव?"

"तुमचंच. तुमचं रक्त पिऊन होता."

"पाळीव का जंगली?"

"रोज येतो का?"

"रोज."

"मग पाळीव."

त्यानं नोंद पाठवली. दोघं पंख्याखाली बसून राहिले. बर्फाच्या गावात संध्याकाळ झाली. अकरा वाजून वीस मिनिटांनी प्रियदर्शनीचा फोन वाजला.

"पांगरधारात परत हल्ला!" विजयकुमार साहेब ओरडले. "चोविसावा! अकरा वाजून तेरा मिनिटांनी. आत्ता, दिवसाढवळ्या! वाघानं मारलाय..." पलीकडं कागद सरकल्याचा आवाज आला. "डास."

"हो सर."

"वाघानं डास मारला?"

"मी मारला, सर. वाघ साइटनं लावला." तिनं सगळं सरळ सांगितलं. "इथला ब्राउझर नऊ वर्षं जुना आहे. साइटवरच्या नव्या पद्धतीच्या चौकटी त्याला दाखवताच येत नाहीत. इथून कारण न निवडता नोंद जाते, आणि साइट यादीतलं पहिलं नाव लावून टाकते. पहिलं नाव वाघ. घटनेची वेळ पण जात नाही, म्हणून साइट नोंदीची वेळ लावते. म्हणून आपला वाघ दीड वाजता जेवायला जातो आणि रविवारी सुट्टी घेतो."

साहेबांनी पलीकडं पुन्हा कागद सरकवले.

"एवढ्या दिवसांत हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"गावातल्या प्रत्येकाला फक्त स्वतःच्या जनावराचं खरं माहीत होतं, सर. बाकीचं त्यांना आपल्या पाटीनं सांगितलं."

"बरं, बरं. डास काढून टाक. तेवीसच्या तेवीस नोंदी दुरुस्त होऊन वाघाचा आकडा शून्य झाला, तर सोमवारी माळ उघडतो. नाही झाला तर माझ्याकडं आदेश टाइप केलेला आहेच."

फोन ठेवून प्रियदर्शनी संगणकाकडं वळली. वैजनाथनं विचारलं, मुहूर्त बघायचा का. मग त्यानं डोळे मिटले, आणि तिनं 'आता' दाबलं. एकूण पन्नास मिनिटं लागली. चारही पट्ट्या गेल्या. प्रिंटर चालू राहिला.

"बर्फाची सवय झाली व्हती," वैजनाथ म्हणाला.

७

शनिवारी आणि रविवारी मिळून नोंदी दुरुस्त करायच्या ठरल्या. प्रत्येक मालकाला परत बोलवायचं, विचारायचं, कारण निवडायचं. रविवारी सकाळी अकरापर्यंत सगळ्या तेवीस झाल्या. वाघाचा आकडा शून्यावर आला. वैजनाथनं टाळी वाजवली. प्रियदर्शनीनंही वाजवली, कारण त्यानं वाजवली होती.

तेवढ्यात शकुबाई दारात आली.

"मावशी, झालं काम! उद्या सकाळी माळ उघडतो," वैजनाथ म्हणाला. "अकराच्या अकरा घेऊन जावा."

"धा," शकुबाई म्हणाली. "एक नोंद घाल, बाबा."

ती उंबऱ्यातच बसली. आवाज नेहमीचाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"पिवळी. लई वढ व्हती तिला माळाची. सकाळी म्या पाण्याला गेले तवा गोठ्याच्या भिंतीवर चढली. पलीकडं उडी घेतली. दावं अलीकडं बांधलेलं व्हतं."

वैजनाथनं पान उघडलं. कारणाची चौकट पहिल्याच झटक्यात उलगडली. त्यानं तीसही कारणं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

"ह्यात न्हाई बसत, मॅडम."

प्रियदर्शनीनं साहेबांना फोन लावला. साहेब घरी जेवायला बसत होते. "अपघात टाक की," ते म्हणाले. "यादीत आहे. कशाला लांबवतेस?"

तिनं फोन ठेवला. शकुबाई तिच्याकडं बघत होती. रागानं नाही, कशानंच नाही. ती नजर प्रियदर्शनीला ओळखीची होती. मार्चपासून ती आरशात रोज बघत होती.

"सरका, दादा," ती म्हणाली.

खुर्चीत बसून तिनं 'इतर' निवडलं. 'कारण लिहा' असं आलं. तिनं लिहिलं: चराईबंदीचा आदेश. खाली तपशील मागितला होता. तिनं लिहिलं: माळावर वाघ नव्हता. तरी माळ बंद केला, म्हणून शेळी बांधून ठेवावी लागली. बांधली होती म्हणून मेली. नोंद करणाऱ्याचं नाव मागितलं, तिथं तिनं स्वतःचं टाकलं. मग तिनं 'पाठवा' दाबलं.

धन्यवाद, आपली नोंद स्वीकारण्यात आली आहे, असं पडद्यावर आलं.

"काय लिवलंस?" शकुबाईनं विचारलं.

प्रियदर्शनीनं वाचून दाखवलं. शकुबाईनं परत एकदा वाचायला लावलं. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"तुझं नाव बी टाकलंस का त्यात?"

"टाकलं मावशी. पाटी मीच लावली ना."

"व्हय," शकुबाई म्हणाली. "तूच लावली."

दुपारी साहेबांचे सहा फोन आले. सहाव्यात ते म्हणाले, असलं कारण तक्त्यात येऊच शकत नाही. ती म्हणाली, आलंय, सर, साइट प्रत्येक कारणाची वेगळी ओळ करते. ते म्हणाले, खुलासा द्यावा लागेल तुला. ती म्हणाली, देते.

सोमवारी सकाळी पांगरधारचा तक्ता वर गेला. वाघ, शून्य. बिबट्या, शून्य. आजारपण अकरा, म्हातारपण पाच, सर्पदंश चार, वाहन तीन. आदेश, एक. नियमाप्रमाणं साडेनऊला चराईबंदी उठली.

प्रियदर्शनी माळाच्या तोंडाशी पाटी उपटत होती. डांब खोल गेला होता, हलवून हलवून काढावा लागला. शकुबाई दहा शेळ्या घेऊन आली आणि तिच्या बाजूनं माळावर गेली. ती थांबली नाही. शेळ्याही थांबल्या नाहीत.